दिसत नव्हतं का पाहत नव्हती

१५ जानेवारी

काल चंदनचं बोरन्हाण झालं. पयलंच. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावर मुकुट – राजा दिसत होता! गल्लीतल्या बाया आल्या, लेकरं आले. बोरं, मुरमुरे, गोळ्या त्याच्या डोक्यावरून टाकल्या तं लेकरं नुसते तुटून पडले.

तेवढ्यात आतमधी फळीवरची पितळेची परात पडली. केवढा आवाज! शेजारची पोट्टी आईच्या मांडीवर झोपली होती, ती दचकून रडाले लागली. बाया दचकल्या. चंदन बोर चोखत होता. चोखतच राहिला.

सगळ्या त्याच्याकडं पाहून राहिल्या. एकजण म्हणे, "धीट आहे वं तुझा पोट्टा!" मी म्हटलं, "हाव, बापावर गेला." हासल्या सगळ्या.

त्याचं ध्यान बोरात होतं. लेकराचं ध्यान एका जागी लागलं की असंच होते.

१८ जानेवारी

आज मांगून हाक मारली तं लगेच वळून पाहिलं! उगाच कायबी येते डोक्शात.

२३ जानेवारी

मामाजीचे कान गेले. मामाजी म्हणजे माझे सासरे. पण कबूल करते तवा ना! म्हणते, "आजकालचे लोकं तोंडातल्या तोंडात बोलते. पयले लोकं कसे खणखणीत बोलत!" टीव्ही एवढ्या जोरात का सगळ्या गल्लीले बातम्या फुकट.

आज आत्यानं इचारलं, चहा घेता का. मंग पुन्हा इचारलं. मंग बोंबलून इचारलं. शेवटी कप आणून हातात देल्ला तं म्हणते, "पुसाचं तं होतं!"

हे म्हणे, "बाबा, अमरावतीत कानाची मशीन भेटते. चाला, लावून आणू." मामाजी भडकले. "मशीन तुह्या तोंडाले लाव! बोलता येत नाही नीट तं माह्या कानाले नावं ठेवतं."

मले लय हासू आलं. सगळ्या घराले दिसते, त्यायलेच दिसत नाही. एवढा मोठा माणूस, सोताच्या कानाचं समजत नसन का? का समजते आन मानत नाही?

माझ्या हाकेले मात्र ओ देते. आत्या चिडते – "सुनेचं बरं ऐकू येते वो तुमाले!" आत्या माझी सासू आन माझ्या बाबाची सख्खी बहीण. लहानपणापासून आत्या म्हणतो, लग्न झाल्यावर बी तेच तोंडात राहिलं. मी घरचीच पोरगी, म्हणून मामाजी माझं ऐकत असन.

३० जानेवारी

माणिकबाई आली होती. आमच्या भागातली आशाताई. चंदनचं वजन केलं, बरं भरलं. मंग म्हणे, "बोलते का? बाबा, मामा, असं काही?"

मी म्हटलं, "आवाज काढते ना. दिवसभर ओरडते."

"ओरडणं वेगळं. एकडाव कान तपासून घे गीता."

एवढा राग आला! आमी फुलाच्या खोलीत बसलो होतो. त्या खोलीत खाली लाकडाच्या फळ्या टाकल्या, फुलाच्या कॅरेटले ओल लागू नये म्हणून. दिवसभर तिथंच असतो आमी. मी हार गुफतो, मामाजी झेंडूचे देठं तोडते, चंदन खेळते. तो पाठ करून बसला होता. मी तिथूनच हाक मारली, "चंदू!" पाहिलं त्यानं. लगेच. "पाहा!" म्हटलं माणिकबाईले.

"हाव, पाहिलं खरं." वजनाचा काटा पिशवीत टाकला. "तरी बी..."

तरी बी काय? माझा भाऊ कुलदीप तीन वर्षाचा झाल्यावर बोलला. आता अकोल्यात ऑटो चालवते आन बोलून बोलून सवाऱ्यायचं डोक्स खाते. कोणी त्याचे कान तपासले होते?

तिले चहा बी नाही देल्ला. चुकलं ते.

४ फेब्रुवारी

इथं लिवतो. दुसऱ्या कोणाले सांगता येत नाही.

चंदन पोटात होता तवा कोजागिरीले चंद्राले गिराण लागलं होतं. आत्यानं दुपारीच सांगितलं – वेध लागले, आता काही कापू नको, चिरू नको, सुई धरू नको, आडवी होऊ नको. मांडीवर नारळ घेऊन बस. बसली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सप्त्याच्या मांडवाची ऑर्डर होती आन हार पुरे नव्हते. आत्या देवळात गेली तशी मी कैची घेतली. देठं कापले. सुई बी चालवली. आत्या यायच्या आंधी हात धुतले आन पुन्हा नारळ घेऊन बसली.

म्हणून चंदनले काही झालं नाही पाहिजे. काही निघालं तं पयला प्रश्न तोच येईन. गिराणात काय केलं होतं गीता?

त्याले काही नाहीच. पण भीती वाटते.

११ फेब्रुवारी

पयला वाढदिवस. फुगा फुटला तं लेकरं दचकले, चंदन त्यायच्याकडं पाहून हासला. धीट आहे.

२४ फेब्रुवारी

एक गोठ ध्यानात आली. आजकाल त्याच्या मांगं मी काही वाजवत नाही. भांडे घासाले बाहेर नेतो. कुकरची शिट्टी व्हाची असली की त्याले आंगणात पाठवतो आत्याजवळ. ह्यायची गाडी येते, हॉर्न वाजते, तवा मी आंधीच त्याले उचलून दाराकडं तोंड करून धरतो. "पाहा, बाबा आले!" तो हासते. हे खूश.

काहून करतो असं? सवय लागली.

दुपारी आमच्या बरडाच्या वावरातला झेंडू तोडला. माल बारीक आहे, पण भाव बरा.

५ मार्च

आज पुन्हा आत्या आन मामाजीचं जुंपलं. आत्या दारातून बोंबलत होती, जेवाले चाला. मामाजी देठं तोडण्यात दंग. मी माझ्या जागेवरून म्हटलं, "मामाजी, जेवाले." उठले!

आत्या म्हणे, "मी काय कोल्हेकुई करून राहिली? माहं ऐकू येत नाही, सुनेचं बरं येते!"

मामाजी म्हणे, "तुह्याहून सूनबाई बरी. बोलवाच्या आंधी पाय आपटते. फळी हालते, मंग मले समजते का बोलावून राहिली. पोट्ट्याले बी तशीच बोलावते, पाहत जा जरा. तू नुसती कावकाव करतं."

आत्या हासली. "पाहा, झालं ना कबूल! ऐकू येत नाही म्हणून!"

"ऐकू येते! मी फळीची गोठ करून राहिलो."

मी बी हासली. हार हातात होता. पुढं किती वेळ तसाच होता, ध्यान नाही.

६ मार्च

मी पाय आपटत नाही. मामाजीले काय समजते!

९ मार्च

आपटतो.

आज सगळे लग्नाले गेले होते. मी आन चंदन दोघंच. फुलाच्या खोलीत त्याले पाठमोरं बसवलं, समोर डबे-झाकणं देल्ले खेळाले. आन मी बाहेरची बाज दारात ओढली – तिचे पाय जमिनीवर, फळीवर नाही. तिच्यावर मांडी घालून बसली. दोन्ही पाय वर.

"चंदू."

"चंदू!"

"चंदन! ए बाळा! अरे राजा!"

ताट वाजवलं. खलबत्ता वाजवला. नारळाएवढं डोकं त्याचं – जरा सुदिक नाही हाललं.

मंग पाय खाली सोडला. फळीवर टाच टेकवली. तोंडातून काहीच काढलं नाही.

वळून पाहिलं त्यानं. हासला माझ्याकडं पाहून.

रडू नाही आलं. त्याले भात चारला. कपडे वाळू घातले.

१० मार्च

मले दिसत नव्हतं का मी पाहत नव्हती?

दिसत नसन तं माझं काय चुकलं. आंधळ्याले कोण बोल लावते. पण पाहत नसन, तं मंग पाहू नको असं कोणी तरी ठरवलं ना? कवा? कोणी? मले आठवत नाही. मी कधीच बसून ठरवलं नाही का चल गीता, आता पाय आपटून लेकराले फसवू आन सोताले बी.

पण पाय तं आपटला. रोज. अगदी बरोबर वेळेवर. पायाले माहीत होतं पोट्ट्याले ऐकू येत नाही. आन मले माहीत नव्हतं – हे कसं? पाय काय शेजारच्या बाईचा आहे?

भांडे बाहेर घासाले नेत होती ते कोण? कुकरच्या आंधी लेकरू आंगणात पाठवाचं, हे कोणाच्या डोक्शातून निघालं? कायपासून लपवाचं ते माहीत असल्याशिवाय लपवता येते का?

मामाजीले हासत होती मी!

१२ मार्च

माणिकबाईच्या घरी गेली. सगळं सांगितलं, पायाचं बी. गिराणाचं नाही सांगितलं.

ती म्हणे, "असं होते बाई. जे झेपत नाही ते मन झाकून ठेवते. तुह्या हातात नव्हतं ते. उगाच सोताले बोल लावू नको."

बरं वाटावं म्हणून बोलली. पण मले बरं नाही वाटलं. येता येता रस्त्यानं तेच डोक्शात. माह्या हातात नव्हतं म्हटलं, तं मंग त्या दिवशी बाजेवर पाय वर घेऊन बसली ते कोणाच्या हातात होतं? ते बी आपोआपच झालं का? न पाहणं माझं नाही, मंग पाहणं तरी माझं कसं?

तसं नको मले. दोन्ही घेतो मी. दोष बी माझा आन बाजेवर बसणं बी माझं. एक ठेवून एक वापस कराले हे काय दुकान आहे?

जरा वेळ असं वाटते. मंग वाटते, का खरंच नव्हतं हातात? भीतीनं माणूस डोळे मिटते तवा मिटू का नको असं कुठं इचारते. मिटून जातात. पण मंग मिटलेच काहून ठेवावं? उघडता तं येतात.

समजत नाही. आठवीपर्यंत शिकली मी. शिकलेल्यायले तरी समजत असन का?

आज मात्र चहा तिनंच देल्ला मले.

१४ मार्च

धुळवड. हे घरी होते. रंग धुवून बसले तवा सांगितलं. "चंदनले ऐकू येत नाही."

"कोण म्हणते? पाहते ना तो."

हात धरून फुलाच्या खोलीत नेलं, तसंच करून दाखवलं. हे बाजेवर, पाय वर. ह्यायनं हाका मारल्या. आवाज फाटला ह्यायचा. मंग बाजेवरून उतरून चंदनच्या पुढं जाऊन बसले. एकेक झाकण उचलून त्याच्या हातात देत राहिले.

मंग मीच म्हटलं, "गिराणात मी कैची धरली होती."

"माहीत आहे."

"तुमाले?"

"कैची कोणी आणून देल्ली होती तुले? ऑर्डर माझी होती ना."

खरंच की! ते मले आठवतच नव्हतं. एवढे दिवस कैची एकटीनंच धरून बसली होती मी.

हे म्हणे, "आईले सांगू नको." मंग म्हणे, "जरा थांबून पाहू का? दिवाळीपर्यंत?" मी म्हटलं, "नाही." एवढंच. ह्यायनं माझ्याकडं नवीन माणसाकडं पाहावं तसं पाहिलं.

१८ मार्च

चंदनचे कान तपासाले अकोल्याले जाचं ठरलं. अमरावतीत कोणी ना कोणी वळखीचं भेटते. माहेरी जातो म्हणून सांगितलं घरी. हे बी येतात. आत्या म्हणे, "हा कायले? बायको पळून चालली का?"

भीती वाटते. पण भीती वाटते म्हणून नाही जाचं, असं आता म्हणता येत नाही.

२४ मार्च

बडनेऱ्यावरून गाडी धरली. गर्दी होती. अकोल्याच्या स्टेशनवर कुलदीप ऑटो घेऊन उभा. सगळ्या रस्त्यानं बोलत होता – खड्डे, पेट्रोल, एका सवारीनं ऑटोत इसरलेली कोंबडी. आमी दोघंही गप. शेवटी तो बी गप झाला. कुलदीप गप झाला म्हणजे पाहा!

कानाची डॉक्टरीणबाई. चंदनले दवाई पाजून झोपवलं, डोक्याले वायरी लावल्या, कानात नळ्या. तो झोपलेला आन मशीन त्याच्या कानात आवाज करून राहिली. आमाले काचेतून दिसत होतं. हे बाहेर जाऊन उभे राहिले. मी पाहत राहिली. पूर्ण. मान नाही वळवली.

मंग बाईनं समोर बसवून सांगितलं. दोन्ही कान. जवळजवळ नाहीच. आता लगेच मशीन लावू, शिकवाले सुरू करू, मंग गरज पडली तं ऑपरेशन. अजून वेळ गेली नाही, पण आता एक बी महिना घालवू नका.

मी इचारलं, "गिराणानं होते का?"

"नाही हो. गिराणाचं काही नसते." मंग कागदावरून मान वर केली. "लग्न नात्यातलं आहे का तुमचं?"

हे म्हणे, "हाव. मामाचीच पोरगी आहे ही. सख्ख्या."

"त्यानं होऊ शकते. नक्की सांगता येत नाही, रक्त तपासावं लागते. पण पुढचं लेकरू करायच्या आंधी आमच्याकडं या. त्याले बी असू शकते."

गिराण नव्हतं. एवढं भेलो आमी ज्याले, ते नव्हतंच. आन ज्याले कोणीच भेलं नाही – मांडव टाकला, वाजंत्री लावली, नात्यातली पोरगी नात्यात राहिली म्हणून सगळ्यायनं पेढे खाल्ले – ते असन.

कुलदीपनं रसवंतीवर रस पाजला. गोड लागला. काहून लागला काय माहीत.

२७ मार्च

आत्याले सांगितलं. हे सांगत होते, मी बाजूले बसली होती.

आत्या पयले माझ्याकडंच वळली. "गिराणात काही कापलं होतं का वं?"

"हाव," म्हटलं मी. "कापलं होतं. पण त्यानं नाही झालं." हे मधी बोलाले गेले, मी हातानं थांबवलं. बाईनं जे सांगितलं ते सगळं सांगितलं. लग्नाचं बी.

आत्या उठली, पाण्याचा गिलास भरला, पिला नाही. म्हणे, "दादाच्या आंगणात मी पदर पसरून मागितली होती तुले. दादा म्हणत होता, बाहेर देतो. मीच म्हटलं, माहीच पोरगी माह्याच घरी येईन." मंग गिलास ठेवला आन चंदनले उचलून बाहेर गेली. बराच वेळ आली नाही.

मामाजी बोंबलत होते, "काय झालं? मले कोणी सांगन का?" ह्यायनं कानाजवळ जाऊन सांगितलं. मामाजीचे डोळे भरले. म्हणे, "लाव बापा मशीन. आज लाव. एवढंसं लेकरू."

हे म्हणे, "बाबा, एकासोबत दोघायले लावून आणू."

"मले कायले? मले काय झालं?"

हासू आलं. पण आता पयल्यासारखं नाही आलं.

३ एप्रिल

अकोल्याले जाऊन चंदनच्या कानाचं माप देल्लं. मशीन पुढच्या आठवड्यात. तो ती काढून फेकन, बाई म्हणते, तुमी पुन्हा लावाचं. पुन्हा फेकन, पुन्हा लावाचं. हे म्हणे, पुढच्या वेळी मी कामं टाकून येतो. या म्हटलं.

११ एप्रिल

सकाळी नळाजवळ उलटी झाली. आत्यानं इचारलं तं म्हटलं, "ऊन लागलं." म्हणून मोकळी झाली. बादली उचलली आन तिथंच उभी राहिली – सकाळचे सात वाजले होते, कायचं ऊन!

पाळी या महिन्यात नाही आली. मागच्या महिन्यात बी नाही. एवढे पानं लिवले, एका बी पानावर ते नाही.

माणिकबाईकडून तपासाची पट्टी आणली. सकाळपासून चोळीत खोसून फिरून राहिली.

आता जातो. पाहतो.